प्रायव्हेट शाळा वेगळ्या काढायच्या? आधी संघातल्या मुली कुठून येतात ते बघा

अमेरिकेत हायस्कूलच्या प्लेऑफमध्ये प्रायव्हेट शाळा जिंकली की पालक चिडतात: "यांची स्पर्धाच वेगळी ठेवा!" ओहायोत मी मुलींच्या सॉकरची असिस्टंट कोच आहे. ती चीड मला समजते. पण नियम बदलून हवा असेल तर तयारी लागते.

आधी तक्रार नेमकी करा. खरा फरक हद्दीचा आहे. पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळेत साधारणपणे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टमधली (ठरवून दिलेल्या भागातली) मुलं येतात, प्रायव्हेट शाळेला तशी हद्द नसते. मात्र ओपन एनरोलमेंटवाली पब्लिक शाळाही बाहेरची मुलं घेते, आणि एखाद्या लहान चर्च-शाळेत अकरा मुली जमवतानाच दमछाक होते. सगळ्यांना एकच काठी लावू नका.

मग इतर राज्यांचे नियम वाचा. स्पर्धेत शाळांचे गट पटसंख्येवरून पडतात, म्हणून इलिनॉय हद्द नसलेल्या शाळांची पटसंख्या 1.65 ने गुणतं. 500 मुलांची शाळा 825 ची धरली जाते आणि मोठ्या शाळांशी खेळते. हिशेब सोपा, पण कायम हरणाऱ्या शाळेवरही तोच बोजा पडतो, म्हणून पुढे सवलती द्याव्या लागल्या. इंडियानाने 2012 मध्ये यशाचे गुण मोजायचं ठरवलं: सतत जिंकणारा संघ मोठ्या शाळांच्या गटात जातो, शाळा कोणतीही असो. यात जिंकलेल्या मुली पास होऊन जातात आणि भार धाकट्यांवर येतो. टेक्सासच्या यूआयएलमध्ये, म्हणजे तिथल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेत, प्रायव्हेट शाळा जवळजवळ नाहीतच. डॅलस जेझुइट आणि ह्यूस्टनची स्ट्रेक जेझुइट हे अपवाद. हा मार्ग मला अजिबात पटत नाही. एकाच गावातल्या मुलींनी राज्याच्या विजेतेपदासाठी एकमेकींशी कधी खेळायचंच नाही?

मला ओहायोचीच पद्धत सर्वांत न्याय्य वाटते. इथे संघातला प्रत्येक खेळाडू कुठून आला हे बघतात आणि त्यानुसार त्या खेळापुरती शाळेची पटसंख्या वाढवतात. पब्लिक शाळांनाही हे लागू आहे. तुमचा प्रस्ताव याच धर्तीवर लिहा.

रिक्रूटिंगची तक्रार मात्र वेगळी ठेवा. टेनेसीतल्या ब्रेंटवुड अकॅडमीच्या कोचने आठवीतल्या मुलांना स्प्रिंग प्रॅक्टिसला बोलावणारं पत्र पाठवलं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2007 मध्ये निकाल राज्याच्या शालेय क्रीडा असोसिएशनच्या बाजूने लागला. म्हणजे नियम आहेत, पुरावा हवा. पत्र किंवा मेसेज तारखेसकट तुमच्या शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरकडे (खेळांच्या प्रमुखाकडे) द्या. मुलांची नावं फेसबुकवर टाकू नका, कृपा करून.

शेवटी मतं. ओहायोत नियम बदलायला मत शाळांचे प्रिन्सिपल देतात. 2011, 2012 आणि 2013 असा तीनदा या बदलाचा प्रस्ताव पडला, 2014 ला मंजूर झाला. तेव्हा मतदानाच्या बऱ्याच आधी प्रिन्सिपलना भेटायला लागा, आणि त्यात प्रायव्हेट शाळांचेही घ्या. हरणाऱ्या लहान प्रायव्हेट शाळा तुमच्या बाजूने येऊ शकतात.