फितुराच्या हातात पत्र कधी पडलं?

माझी पहिली ऐतिहासिक कादंबरी छापली गेली नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं. शिवकाळातला एक काल्पनिक गड, गडावर एक फितूर सबनीस, आणि भर मध्यरात्री तो एकटा जाऊन दरवाजा उघडतो, असा तिचा कळसाचा प्रसंग. मशालीचा उजेड, अडसर सरकल्याचा आवाज, खाली दबा धरून बसलेले स्वार. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते. हस्तलिखित एका जाणत्या स्नेह्यांना वाचायला दिलं. त्यांनी त्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून परत केलं: 'हवालदार कुठंय?'

मग वाचायला बसले. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत (गडावरच्या फौजेचा प्रमुख) असे तिघे एकाच तोलाचे अधिकारी असत. कामं वाटलेली, आणि सगळे एका जातीचेही नसत. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब आणि लिहिणं सबनिसाकडे. एकट्याच्या मनात फितवा आला तरी उरलेले दोघे आडवे यावेत, हाच त्या रचनेचा हेतू. म्हणजे माझ्या सबनिसाला दरवाजापर्यंत जाता आलं असतं, उघडता आला नसता. चारशे पानांचा डोलारा एका किल्लीवर उभा होता आणि ती किल्ली दुसऱ्याच्याच कमरेला होती.

तेव्हा रडू आलं होतं. आज कोणी नवखं माणूस युद्ध, गुपितं आणि दगाबाजीची कादंबरी लिहायला घेतो असं सांगत आलं, की मी पहिल्यांदा हेच सांगते. ज्या नियमामुळे तुमचं कथानक अडतं, तोच नियम तुम्हाला त्याहून चांगलं कथानक देतो. सबनिसाला एकट्याने दरवाजा उघडता येत नाही ना? मग त्याला हवालदाराला फसवावं लागेल, नाहीतर वाटेकरी करून घ्यावं लागेल. वाटेकरी केला की गुपित दोघांचं झालं, आणि दोघांचं गुपित फुटायला वेळ लागत नाही. हे सगळं त्या व्यवस्थेतच होतं, मी फक्त ते न वाचता लिहायला बसले होते.

दुसऱ्या खेपेला काळ बदलला. इ. स. 1773 ते 1776 ही तीन वर्षं निवडली. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात भरदिवसा गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. चुलते रघुनाथराव गादीवर आले, मग कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं केलं. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेऊन ठेवलं, तिथे 18 एप्रिल 1774 ला सवाई माधवराव जन्मले. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह झाला. पुढल्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या इंग्रजांनी तो मोडीत काढून पुरंदरचा तह केला. या तीन वर्षांत प्रत्येक जण कुणाच्या तरी पत्राची वाट बघत होता आणि पत्र आलं की ते खरं की बनावट याची शंका घेत होता. साहसकथेला याहून सुपीक जमीन कुठली?

मात्र मोठ्या माणसांना मी पुढे आणलं नाही. नाना फडणीस माझ्या कादंबरीत दोनदाच दिसतात, त्यातही एकदा पाठमोरे. माझा नायक एक जासूद, म्हणजे पत्रं आणि बातम्या पोचवणारा. इतिहासाला माहीत नसलेल्या माणसाचं काय होणार हे वाचकाला ठाऊक नसतं, आणि साहसकथेत तीच काय ती पुंजी. फितुराचं पात्र तर काल्पनिकच असू द्या. एखाद्या खऱ्या घराण्यावर, पुरावा नसताना, फितुरीचा डाग ठेवणं हे कादंबरीच्या नावाखाली केलेलं पापच. अशा आडनावांची माणसं आजही आपल्या शेजारी राहतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. दगाबाजीची गोष्ट म्हणजे खरं तर बातमीची गोष्ट. कुणाला काय कळलं, कधी कळलं, आणि कळेपर्यंत तो काय समजून चालला होता. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा मोठी फौज घेऊन उत्तरेकडे मदतीलाच निघाले होते. त्यांना बातमी मिळाली ती दहाएक दिवसांनी, माळव्यात, आणि तीही एका सावकाराच्या पत्रातून. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा सांकेतिक भाषेतून. त्या दहा दिवसांत पेशव्यांच्या छावणीत हुकूम सुटत होते, बेत ठरत होते, आणि ज्यांच्यासाठी ते बेत ते जगातच नव्हते. मला विचाराल तर लढाईपेक्षा ते दहा दिवस जास्त अंगावर येतात.

म्हणून मी एक वही केली. आडव्या ओळींत पात्रं, उभ्या रकान्यांत तारखा, आणि प्रत्येक चौकटीत त्या दिवशी त्या पात्राला काय माहीत आहे ते. पहिल्या महिन्यातच वहीने तीन प्रकरणं मारली. एका प्रसंगात माझा किल्लेदार अशा बातमीवर चिडत होता जी त्याच्यापर्यंत पोचायला अजून चार मुक्काम बाकी होते. आज आपल्याला बातमी क्षणात मिळते, त्यामुळे ही चूक हाताला लागलेली असते. ती डोळ्यांनी दिसत नाही, वहीत मांडली की दिसते.

तारखांचं मात्र सांभाळा. मराठी कागदांत शक असतो, शुहूर सन असतो, हिजरी महिने असतात, फसली येतो. शकात 78 मिळवले की इसवी सन निघून बहुतेक वेळा काम भागतं. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून 1174. हे वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभी सुरू होतं. त्यामुळे जून ते डिसेंबरमधल्या कागदाला 599 मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढचं वर्ष लागेपर्यंत 600. मी सरसकट 600 मिळवत गेले. परिणाम असा, की पावसाळ्यातली सगळी पत्रं एक वर्ष पुढे सरकली आणि नायक ज्या पत्राला उत्तर देत होता ते पत्र अजून लिहिलंच गेलं नव्हतं. दोन महिने त्यात गेले.

तिथी कळली की चंद्र फुकट मिळतो, हा यातला आनंदाचा भाग. पानिपतच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे पळणाऱ्यांना निम्मी रात्र उजेड आणि निम्मी रात्र काळोख, आणि पाठलाग करणाऱ्यांनाही तेवढंच. नारायणरावांच्या खुनाच्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे घरोघर गणपती, उद्यावर अनंतचतुर्दशी, रात्री जवळजवळ पूर्ण चंद्र, पण आकाश पावसाळ्याचं. पावसाळा म्हटला की बंदुकीचाही विचार करावा लागतो. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायची बंदूक भिजली की काठी. कोरडी असली तरी पेटलेल्या तोड्याचा निखारा काळोखात दुरून दिसतो आणि वाऱ्यावर वास जातो. माझे दबा धरून बसलेले वीस बंदूकवाले पहिल्या खर्ड्यात शत्रू दहा हातांवर येईपर्यंत अदृश्य होते. दुसऱ्या खर्ड्यात वारा फिरतो आणि एक घोडा नाकपुड्या फुलवतो. सगळा प्रसंग तिथून सुटला.

पत्राबद्दल थोडं जास्त बोलते, कारण गुपितांच्या कादंबरीत पत्र हे तलवारीइतकंच हत्यार आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणजे शब्द कुठे तोडायचा हे वाचणाराच ठरवतो. माझ्या कादंबरीतला सगळ्यात मोठा घोळ अशाच चुकीच्या तुटीतून होतो, आणि तो मला मोडी शिकायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुचला. सरकारी पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा शिक्का, असतं, ते पुढे कुणी ओळ घुसडू नये म्हणून. लांब कागद चिकटवून केलेला असेल तर मागच्या बाजूला सांध्यावर शिक्का मारत. बनावट पत्र करणाऱ्या पात्राला या दोन्हींवर उपाय शोधावा लागतो, आणि तो कसा शोधतो हे दाखवायला मला अख्खं प्रकरण लागलं. तेच प्रकरण वाचकांना सगळ्यात आवडलं, तलवारबाजीचं नव्हे.

इथे 'ध'चा 'मा' आलाच. 'धरावे'चं 'मारावे' केलं, आणि ते आनंदीबाईंनी केलं, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती जशीच्या तशी वापरू नका असं मी म्हणेन. खोटी आहे म्हणून नव्हे, वाचकाला पाठ आहे म्हणून. पाठ असलेल्या गुपिताने कुणाचा श्वास अडकत नाही. मी माझ्या पात्रांना ती अफवा म्हणून ऐकवली. खुनानंतरच्या आठवड्यात प्रत्येक जण ती वेगळी सांगतो आणि सांगणारा कुठल्या बाजूचा आहे ते त्यावरून कळतं.

जासुदाचं एक राहिलं. जुन्या पत्रांतून 'कासीद जोडी', 'जासूद जोडी' असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पत्र घेऊन दोघे जात. माझा एकांडा शिलेदार छाप नायक एका फटक्यात दोन झाला, आणि मग कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू झाली. एकट्या माणसाला स्वतःशी बोलावं लागतं, पानंच्या पानं. दोघांना एकमेकांवर विश्वास ठेवावा लागतो. फितूर कुठे शोधायचा हा प्रश्नही मग उरला नाही.

भाषेबद्दल नवख्यांची एक हमखास चूक. जुनं वाटावं म्हणून सगळे संस्कृतप्रचुर बोलू लागतात. प्रत्यक्षात त्या काळची पत्रं फारसी-अरबी शब्दांनी भरलेली आहेत. शिवाजी महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला तो त्याच कारणाने. तेव्हा 'गुप्त मंत्रणा' नको, 'खलबत' चालेल. 'मिनिट' आणि 'सेकंद' तर नकोतच. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास, यात बसवा. मी एका कारकुनाला 1774 मध्ये चहा पाजला होता, तो मुद्रितशोधनात सापडला. पण संवाद अस्सल बखरीसारखेही करू नका, पन्नास पानांत वाचक थकतो. मी फक्त आजचे शब्द वगळते आणि वाक्यं साधी ठेवते.

कुठून सुरुवात करायची, हे सगळे विचारतात. एकदम पुण्याच्या पुराभिलेखागारात धाव घेऊ नका. तिथले पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघून छाती दडपते. आधी छापील साधनं वाचा. पेशवे दफ्तरातले निवडक कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापले गेले, त्यातला तुमच्या काळाचा एकच खंड घ्या आणि रोज पाच पत्रं वाचा. अर्थ लागो न लागो. महिन्याभरात कान तयार होतो. मोडीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात, पुण्यात 1910 पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आणि एक दिवस वाचन थांबवून लिहायला लागा. हे मला जमायला दीड वर्ष लागलं. टिपणं काढणं हे लिहिण्यासारखं वाटतं, पण ते लिहिणं नसतं.

ज्या प्रकाशकाने पुढे ती कादंबरी घेतली, त्यांनी पहिल्या भेटीत साठ पानं कापायला सांगितली. सगळी माझ्या अभ्यासाची पानं. पालखीचे गोंडे, पागेचे हिशेब, जंबुरक्यांच्या, म्हणजे उंटावरच्या छोट्या तोफांच्या, गोळ्यांची मापं. मी भांडले, मग घरी येऊन कापली. कापताना एक कसोटी सापडली: हा तपशील गेला तर फितुराचा बेत बदलतो का? मोर्तब राहिलं, गोंडे गेले.

सध्या नव्या कादंबरीवर अडले आहे. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असं म्हणणारा एक तोतया उभा राहिला होता. 1776 मध्ये त्याचं बंड इतकं वाढलं की कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी पकडून त्याला मारलं. तो खोटा आहे हे ओळखूनही त्याला मिळालेली माणसं असणार, त्यांची मला चौकट भरता येते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची भरता येत नाही. पती गेले हे त्यांनी कधी मानलंच नाही, सौभाग्यलेणं उतरवलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे 1761 पासून 1776 पर्यंतचे सगळे रकाने कोरे आहेत, आणि काल रात्री पहिल्यांदा वाटलं की ते तसेच ठेवून लिहून बघावं.