गावात इंटरनेट आणि केबलची जोडणी घेताना

नागपूर-अमरावतीत जोडणी घेणारा माणूस प्लॅनचा वेग आणि दर ताडून पाहतो. विदर्भाच्या खेड्यात मात्र वायर तुटल्यावर ती जोडायला कोण येतो आणि किती वेळात येतो, याची चौकशी आधी करावी. मृगाच्या वाऱ्यात खांबावरची वायर खाली येते, हंगामात कापसाने उंच भरलेल्या गाड्या तिला अडकतात आणि पाइपलाइनसाठी जेसीबी चालला की जमिनीतले फायबरही वाचत नाही. तुटलेले फायबर सांधण्यासाठी स्प्लायसिंग यंत्र लागते. ते ऑपरेटरजवळ आहे की तालुक्याहून मागवावे लागते, हे त्याला विचारावे, आणि त्याने दिलेले उत्तर त्याच्याच जुन्या ग्राहकांकडून पडताळून घ्यावे.

दुसरा प्रश्न विजेचा आहे. घरातला फायबरचा डबा आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे भारनियमनात छोटा यूपीएस पुरतो. परंतु ज्या ठिकाणाहून गावाला सिग्नल येतो तिथे बॅटरी नसेल, तर आपल्या यूपीएसचा काहीच उपयोग नाही, आणि ही गोष्ट विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाही असे समजावे आणि राउटर बंद-चालू करत न बसता तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा.

ग्रामपंचायतीत भारतनेटचे, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्याच्या सरकारी योजनेचे, फायबर आले आहे, एवढ्यावरून आपल्या घरी जोडणी मिळेल असे गृहीत धरू नये. टॉवरवरून चालणारे फाइव्ह-जी इंटरनेट घ्यायचे असल्यास, ज्या छतावर यंत्र बसणार तिथे त्याच कंपनीचे सिम घालून रात्री आठ-नऊच्या सुमारास वेग तपासावा, कारण दुपारचा वेग फसवा असतो.

एका घराला ३०-४० एमबीपीएस पुष्कळ होतात. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का आणि डेटाची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे मात्र विचारावे. वर्षाचे पैसे एकरकमी भरण्याचा मोह पहिल्या पावसाळ्यापर्यंत आवरावा आणि राउटरच्या अनामत रकमेची पावती घ्यावी.

केबलबाबत २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या सुट्या निवडता येतात, तरीही ऑपरेटर तयार पॅकेजच पुढे करतो. घरात पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांची यादी कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावी. बातम्या आणि सह्याद्री एवढेच पाहणाऱ्या घराला मासिक शुल्क नसलेली डीडी फ्री डिश पुरेशी आहे.