जळगावहून एका दिवसाची ट्रिप: ठिकाण कसं निवडाल?

एका दिवसाची ट्रिप ठरवताना किलोमीटर मोजू नका, तास मोजा. जाताना तीन तासांच्या आत पोहोचता आलं तरच त्या ठिकाणी बसायला, फिरायला वेळ उरतो. तोरणमाळ मला फार आवडतं, पण जळगावहून सकाळी जाऊन रात्री परत? नको. ते शहादा-नंदुरबारवाल्यांना सोपं. आपण मुक्कामीच जावं.

दिशेकडेही बघा. जळगावहून सकाळी पश्चिमेला निघालं की ऊन पाठीशी, संध्याकाळी परततानाही पाठीशीच. एरंडोलजवळचं पद्मालय, पुढे पारोळ्याचा भुईकोट, आणि दम असेल तर धुळ्याच्या पलीकडचा लळिंग किल्ला, सगळं त्याच बाजूला. धुळ्याहून जळगावकडे निघणाऱ्यांच्या मात्र दोन्ही वेळा ऊन थेट डोळ्यांवर. गॉगल आणि स्वच्छ काच, दोन्ही हवंच.

एक मुख्य ठिकाण आणि वाटेवरचं एक छोटं, बस. पाटणादेवी करणार असाल तर त्याच दिवशी अजिंठ्याचा हट्ट धरू नका. अजिंठा सोमवारी बंद असतं, आणि खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढे बसने जावं लागतं. तो वेळही धरा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर असतो, तेव्हा किल्ल्यांचं नावही काढू नका. पावसाळ्यात कन्नड घाटात दरडी येतात, निघण्यापूर्वी चाळीसगावात कुणाला तरी फोन करून विचारा. हिवाळा सगळ्यात बरा, शिवाय वाटेत ढाब्यावर गरम भरीत मिळतं.