फौजदारी निकालाविरुद्ध दाद कुठे मागायची? कोकणातल्या वाचकांसाठी

निकाल लागला की कोर्टाच्या आवारातच सल्ले सुरू होतात, ‘थेट हायकोर्टात जा.’ बहुतेक वेळा पहिला दरवाजा तो नसतो.

१. शिक्षा कोणी दिली ते बघा

समजा, देवगडच्या बागायतदाराला आंब्याचे पैसे म्हणून दिलेला चेक वटला नाही आणि तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी व्यापाऱ्याला एक वर्षाची कैद सुनावली. व्यापाऱ्याचं अपील ओरोसच्या, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जाईल. शिक्षा सत्र न्यायालयानेच दिली असेल, तर मात्र उच्च न्यायालय. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या खंडपीठात भरतं. घाट चढला की झालं, मुंबईच्या रात्रीच्या गाडीतून सुटका. रायगडकरांना मात्र मुंबईच.

२. आदेश अपिलाचा आहे का?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. जामीन नाकारला म्हणून सहसा अपील करत नाहीत. वरच्या कोर्टात जामिनासाठी नवा अर्ज करतात. आरोपमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून वगळा, असा) अर्ज फेटाळला, तर पुनरीक्षण अर्ज करावा, म्हणजे खालच्या कोर्टाचा आदेश बरोबर आहे का ते वरच्या कोर्टाने तपासावं असा अर्ज. तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात चालतो, पण एकदा एकीकडे केला की दुसरीकडे तोच अर्ज करता येत नाही. तारीख वाढवून दिली, यासारख्या निव्वळ अंतरिम (मधल्या टप्प्यावरच्या) आदेशावर पुनरीक्षणही नाही. गुन्हा कबूल करून शिक्षा झाली असेल, तर फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच वाद घालता येतो.

३. त्याच दिवशी जामीन मागा

खटल्यात जामिनावर असाल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर ‘अपील करायचं आहे’ असं सांगून शिक्षा देणाऱ्या कोर्टाकडेच तात्पुरता जामीन मागता येतो. नाकारायचा तर कोर्टाला खास कारणं द्यावी लागतात. पुढे शिक्षेला स्थगिती अपिलाच्या कोर्टाकडून घ्यायची. चेकच्या प्रकरणात दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला ते कोर्ट सांगू शकतं. व्यापाऱ्याने तेवढी तजवीज आधीच ठेवावी.

४. नक्कल आणि मुदत

कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. इतरांनी नक्कल विभागात अर्ज टाकावा; नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीत धरत नाहीत. सत्र न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला ६० (फाशीच्या शिक्षेत ३०), पुनरीक्षणाला ९०. शेवटचा दिवस गणपतीच्या सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. त्याहून उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडा, आणि कारण खरं लिहा.

५. अपील केल्याने शिक्षा वाढेल का?

वाढत नाही. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही. वाढीसाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं. पीडित व्यक्तीला आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली तर अपिलाचा हक्क आहे. शिक्षा कमी पडली, एवढ्यावर नाही.

६. वकील परवडत नसेल तर

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या. माणूस तुरुंगातच असेल तर अपिलाचा अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे द्यायची. तिथून ही कागदपत्रं कोर्टाकडे पाठवली जातात.