पायथागोरस शिकवायचाय? कबड्डीचं मैदान आखायला घ्या

दहावीला पायथागोरसचं प्रमेय शिकवताना माझा सगळा जोर त्याच्या व्यत्यासावर असतो, म्हणजे दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसरीच्या वर्गाएवढी असेल, तर त्रिकोण काटकोनी, यावर. दोन बाजू दिल्या की तिसरी मुलं झटकन काढतात. पण नुसत्या लांबीवरून काटकोन उभा करता येतो, हे फळ्यासमोर बसून पटत नाही. मैदानावर पटतं.

मुलींच्या कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटर. मध्यरेषेने त्याचे 6 बाय 8 चे दोन भाग पडतात, आणि 6, 8, 10 हे पायथागोरसचं त्रिकुट (36 + 64 = 100)! क्रीडाशिक्षकांशी बोलून सकाळचे दोन तास मागून घ्या. दोन लांब टेप, सहा खुंट्या, हातोडी आणि फक्की एवढं पुरे. मोजायला सुतळी नको, ती ताणली जाते. टेपचं शून्य कडीच्या टोकापासून आहे की पुढे, तेही मुलांनाच शोधू द्या.

आधी त्यांना हवं तसं आखू द्या. ती फक्त बाजू मोजतात. 12, 8, 12, 8 बरोबर येतं, सगळे खूश. मग दोन्ही कर्ण मोजायला लावा. कोपरा दीड अंशाने कलला तर डोळ्याला कळत नाही, पण कर्णांत सुमारे 35 सेंटिमीटरचा फरक पडतो. इथे अजिबात घाई करू नका. बाजू बरोबर, मग बिघडलं कुठे, यावर भांडू द्या त्यांना. नववीतला समांतरभुज चौकोन कुणीतरी काढतंच.

आता नव्याने आखा. मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना खुंट्या, अंतर 8 मीटर. एका खुंटीपासून 6 मीटर, दुसरीपासून 10 मीटर टेप ताठ धरा. दोन्ही जिथे मिळतील तो कोपरा. उरलेले तीन कोपरेही असेच. शेवटी मोठे कर्ण तपासा: √208, म्हणजे साधारण 14.42 मीटर. हा आकडा वर्गातच काढून वहीत लिहिलेला असावा.

गवंडी 3-4-5 फुटांनी काटकोन धरतात, ते जरूर सांगा. पण मैदानाला एवढा छोटा त्रिकोण घेऊ नका. तीन फुटांवर एक सेंटिमीटर चुकलं, तर आठ मीटरवर ते जवळजवळ नऊ होतं.

घरचा अभ्यास म्हणून पुरुषांचं 13 बाय 10 चं मैदान द्या. त्याचा अर्धा भाग 6.5 बाय 10. तिथे त्रिकुट नाही, वर्गमूळ काढावंच लागतं. उत्तर 11.93 च्या आसपास यायला हवं.