शाळेत अभ्यासलेल्या कादंबरीतून नवे शब्द कसे शिकावेत

शाळेत कादंबरी शिकवली जाते तेव्हा कठीण शब्दांची यादी फळ्यावर येते, मुले ती अर्थासह वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा संपली की त्यातले बहुतेक शब्द विसरून जातात. यादीत शब्द एकटा असतो. कादंबरीत मात्र तो कोणाच्या तरी तोंडी, एखाद्या प्रसंगात, इतर शब्दांच्या संगतीत आलेला असतो आणि त्या संगतीसकट शिकला तरच टिकतो. येथे उदाहरणासाठी ‘श्यामची आई’ घेतली आहे. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली, पण तिच्यातले घर, शेत आणि बोली कोकणातली आहे. त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्याला तिच्यात अनोळखी शब्द जागोजागी भेटतात.

सुरुवातीला एक प्रकरण न थांबता वाचून काढावे. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारावी आणि पुढे जावे. पुस्तक वाचनालयाचे असेल तर पृष्ठ क्रमांक व शब्द वेगळ्या कागदावर टिपावा. प्रत्येक शब्दाला कोश उघडला तर गोष्टीचा धागा तुटतो, आणि धागा तुटला की शब्द लक्षात राहायला आधारच उरत नाही.

मग निवड करावी. एका प्रकरणातून आठ-दहा शब्द पुरेत. ज्यांच्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही ते आधी घ्यावेत, आणि त्यांच्याबरोबर असेही दोन-तीन घ्यावेत, जे वाचताना समजतात पण स्वतः लिहिताना कधी सुचत नाहीत. माझ्या मते या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांकडे शाळेत फार दुर्लक्ष होते.

कोशाकडे वळण्यापूर्वी आपला अंदाज लिहून ठेवावा. मागचे-पुढचे वाक्य काय सांगते आणि शब्दाची घडण कशी आहे, एवढे पाहिले तरी बराच अर्थ उलगडतो. ‘कृतज्ञता’ या शब्दात ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा, हे कळले की केलेल्या उपकाराची जाणीव हा अर्थ पाठ करावा लागत नाही, आणि ‘कृतघ्न’ त्याच्या उलट का, याचीही उत्सुकता वाटू लागते.

कोशात शब्द शोधताना मराठीत एक खरी अडचण येते आणि तिच्यापायी अनेक मुले कोश मिटून ठेवतात. कादंबरीत शब्द सामान्यरूपात, प्रत्यय लागून येतो, तर कोशात तो मूळ रूपात असतो. ‘सुपात’ हा शब्द अडला तर ‘सुप’ शोधून उपयोग नाही, ‘सूप’ पाहावे लागते. ‘विहिरीवर’साठी ‘विहीर’, ‘उंबऱ्याशी’साठी ‘उंबरा’ आणि ‘देवळात’साठी ‘देऊळ’. शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ईकार किंवा ऊकार सामान्यरूपात बहुधा ऱ्हस्व होतो, हे ध्यानात ठेवले तर शोध पुष्कळ सोपा होतो. शालेय कोशात शब्द सापडला नाही तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ किंवा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. तरीही १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या नाशिक शहरात आहे, तिथल्या मुलांनी छापील कोश हाताळून पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण एक शब्द शोधताना शेजारचे चार नजरेखालून जातात.

आता वहीत नोंद करावी. शब्द, त्याचे लिंग, अनेकवचन, कादंबरीतले वाक्य, प्रकरणाचा क्रमांक आणि शेवटी स्वतःचे वाक्य, एवढे त्यात असावे. लिंग अवश्य लिहावे. ‘ती पडवी’, ‘ते माजघर’, ‘तो उंबरा’ असे म्हणूनच शब्द पाठ करावा, नाहीतर अर्थ ठाऊक असूनही वाक्य चुकते. शब्दाबरोबर कोणते क्रियापद येते तेही टिपावे. ‘श्यामची आई’त पत्रावळीवर एक संपूर्ण प्रकरण आहे. पत्रावळ ‘लावतात’, हे कळल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही. शक्य असेल तर बाजारातून पळसाच्या पानांची पत्रावळ आणून उलटी करून पाहावी. पाने एकमेकांवर कशी चढवली आहेत आणि कोणत्या बारीक काड्यांनी टाचली आहेत, हे दिसते. अशा बांबूच्या काडीला चोय म्हणतात. त्याचप्रमाणे जुन्या नाशकातल्या किंवा पंचवटीतल्या एखाद्या ओळखीच्या वाड्यात जाऊन ओसरी, माजघर आणि परस कुठे आहे ते घरातल्या आजींना विचारावे. कोकणातल्या घराचे वर्णन त्यानंतर वाचले की दोन्हींतला फरकही कळतो.

उजळणी एका बैठकीत करू नये. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने वही उघडावी, अर्थ हाताने झाकावा आणि आठवून पाहावा. आठवले नाही तर लगेच अर्थाकडे न जाता आधी कादंबरीतला प्रसंग आठवावा.

शेवटी शब्द कामाला लावावेत. कृतिपत्रिकेत समानार्थी शब्द किंवा शब्दसमूहाबद्दल एक शब्द विचारला जातो, त्यासाठी वही उपयोगी पडेलच. पण दर आठवड्याला त्यातले तीन शब्द घेऊन गोदाघाट, शेत किंवा आपले घर यावर आठ-दहा ओळींचा परिच्छेद लिहावा आणि शिक्षकांना किंवा घरातल्या मोठ्यांना दाखवावा. शब्द ओढूनताणून बसवलेला वाटला, तर त्याचे कादंबरीतले वाक्य पुन्हा वाचून परिच्छेद दुरुस्त करावा.