मूल्यं विचारू नका, मानस विचारा

गोव्यातल्या ख्रिस्ती गावात मुलाखती घ्यायला जाताना ‘तुमचा धर्म पर्यावरणाबद्दल काय सांगतो?’ हा प्रश्न घरीच ठेवून जा. उत्तरादाखल पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ पत्रातलं एखादं वाक्य मिळेल आणि बोलणं तिथंच आटपेल. चर्चच्या मंडळींना वस्तूंबद्दल विचारावं: बांध, विहीर, कणसं, मानस (म्हणजे शेताच्या बांधातली, खाडीचं पाणी अडवणारी झडपेची दारं).

आधी विगाराच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या मुख्य पाद्रीच्या कानावर घाला. रविवारचा मीस (चर्चमधली सामूहिक उपासना) सुटला की लोक आवारात थोडा वेळ रेंगाळतात. तेवढ्यात फक्त ओळख करून घ्या, घरी यायची वेळ ठरवा. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा, फेस्ताआधीची (सणाआधीची) नऊ दिवसांची नोव्हेना आणि सांजेची तेर्साची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची वेळ टाळा. कोकणी मोडकीतोडकी चालते. कागद पुढे करू नका, प्रश्न वाचून दाखवा; अनेक वडीलधाऱ्यांना रोमी लिपी येते, देवनागरी नाही.

दुसऱ्या भेटीत, ओहोटीची वेळ बघून, खाजन शेताकडे (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेताकडे) चला असं सुचवा. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. मानशीची लाकडी दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, भरतीला खाडीच्या पाण्याने आपोआप मिटतात. दार कुजलं किंवा फटीत ओंडका अडकला की खारं पाणी शेतात शिरतं आणि भात जातं. आता विचारा: दार कोण बदलतं? मानशीवरच्या मासेमारीची पावणी (लिलाव) कोण घेतो, ते पैसे बांधाला लागतात का? मासे जास्त मिळावेत म्हणून कोणी दार उघडं ठेवलं, तर कोण बोलतं? सामाईक म्हणजे काय, ते इथं कळतं, प्रवचनात नाही.

बाकीचं थोडक्यात. सांजांवाबद्दल, म्हणजे विहिरींत उड्या मारण्याच्या सेंट जॉनच्या सणाबद्दल विचारताना (२४ जून) पूर्वी कोणत्या विहिरींत उड्या पडायच्या आणि त्यांतल्या किती बुजल्या, हे मोजून घ्या. कणसांच्या फेस्ताला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, आशीर्वादाची कणसं गावच्याच शेतातली की बाहेरून आणलेली, हेही विचारा. राय गावात हे फेस्त ५ ऑगस्टला असतं.

बिघडतं ते बहुधा जमिनीच्या विक्रीवर. कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) विषय पहिल्या दिवशी काढलात की आंटी चहा देतील, उत्तर नाही. रेकॉर्डर ठेवायचा तर विचारून, आणि हा विषय निघाला की बंद करून. एकाची तक्रार आणखी दोघांकडून पडताळल्याशिवाय लिहू नका. गावकारी, म्हणजे कोमुनिदादीचं मूळ रूप, पोर्तुगीजांच्याही आधीची, म्हणून हेच प्रश्न हिंदू गावकारांच्या वाड्यावरही न्या.

शेवटच्या भेटीत टिपणं मोठ्याने वाचा. ‘तशें न्हय’ (तसं नाही) आलं की थांबा आणि दुरुस्ती वेगळ्या शाईने लिहा.